अस्वलाचा अभ्यास

मेहेंदळ्यांच्या फ्रिजवर सोमवारी संध्याकाळी एक अस्वल लागलं. काळं, आडवं उभं राहिलेलं, पुढचा पाय जरा पुढे टाकलेलं, आणि त्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या बाजूला, लाल पेनाने काढलेलं नीटस वर्तुळ. ते लावण्यासाठी लेकीच्या, इरावतीच्या, शाळेचं वेळापत्रक खाली सरकवावं लागलं होतं.

"हे काय आहे?" वृंदाने पोळी लाटता लाटता विचारलं.

"अभ्यास."

"कशाचा?"

"अस्वलाला गोळी कुठे मारायची, याचा."

वृंदाचं लाटणं थांबलं. घरात कोळी निघाला तरी हा माणूस काचेचा ग्लास आणि पोस्टकार्ड घेऊन त्याला बाल्कनीपर्यंत पोचवायला जायचा. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, आणि आजवर त्याने घरात काही मारलं असेल तर ती एखादी थाप.

"हरिहर, मला एका वाक्यात सांग. फाटे फोडू नकोस."

एका वाक्यात सांगणं हरिहरला कधीच जमलेलं नव्हतं. ब्रेडा या डच शहरात गोदामांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या एका कंपनीत तो वर्षभराच्या करारावर होता. करार तीन आठवड्यांनी संपत होता. पुढे कायमचं पत्र मिळणार की नाही, हे ज्याच्या हातात होतं त्या साहेबाचं नाव योस्ट. पत्र मिळालं नाही तर इथे राहण्याच्या परवान्याचीच पंचाईत. झूटरमेरच्या या घरात वृंदाने नुकतीच शेवटची खोकी फोडली होती आणि निक्षून सांगितलं होतं, "या वेळी सामान बांधायचं झालं तर तू एकटा बांध. मी सोफ्यावर बसून बघीन."

आता हा योस्ट दरवर्षी सप्टेंबरात कॅनडाला काळ्या अस्वलाच्या शिकारीला जायचा. जेवणाच्या सुट्टीत चीज घातलेला पाव आणि ताकाचा ग्लास पुढ्यात घेऊन तो अस्वल सुरू करायचा, की टेबलावरचे बाकीचे सरळ उठायचे. "योस्ट, आज अस्वल नको," असं तोंडावर सांगून उठायचे! साहेबाला! आणि साहेब "बरं" म्हणून पाव खायला लागायचा. हरिहरला ते पाहून घाम फुटायचा. त्याचे वडील पुण्यात शाळामास्तर. मोठं माणूस बोलत असताना उठायचं नाही, आणि बोलणं संपलं की आपलं लक्ष होतं हे कळावं म्हणून एक तरी प्रश्न विचारायचा, हे त्यांनी त्याला बाराखडीबरोबर शिकवलं होतं. म्हणून टेबल रिकामं झालं तरी हरिहर बसून राहिला. योस्टची गोष्ट नेहमीप्रमाणे अस्वल समोर येऊन उभं राहिलं, इथवर आली आणि थांबली. हरिहरने आदराने प्रश्न विचारला, "रायफल कुठली वापरता?"

योस्टने हातातला पाव खाली ठेवला. आठ वर्षांत त्याला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याने हरिहरच्या टेबलावर दोन जाडजूड कॅटलॉग आणून ठेवले आणि म्हणाला, "यंदा नवी रायफल घ्यायची आहे. तुझं मत काय?"

या ठिकाणी कुठल्याही शहाण्या माणसाने सांगितलं असतं, की बाबा रे, मी शाकाहारी आहे, मला दिवाळीतल्या टिकलीच्या पिस्तुलाचाही आवाज सोसत नाही. हरिहर म्हणाला, "जरा विचार करून सांगतो."

"आणि विचार करायला अस्वल फ्रिजवर लागतं?" वृंदा म्हणाली.

"जाता-येता नजरेखाली राहतं."

हरिहरला अभ्यासाची एकच पद्धत ठाऊक होती. तिने त्याला दहावीपासून इंजिनिअरिंगपर्यंत नेलं होतं, तेव्हा ती अस्वलालाही लागू पडायला हरकत नव्हती. त्याने दोनशे पानी वही आणली. समास आखला. महत्त्वाच्या ओळींना लाल, अतिमहत्त्वाच्या ओळींना दोनदा लाल. संभाव्य प्रश्न काढले. 'जड धक्क्याची रायफल का टाळावी? सकारण स्पष्ट करा.' आणि रोज संध्याकाळी तो वही वृंदाच्या हातात देऊन ओट्याला टेकून उभा राहू लागला.

"अस्वल समोरून, तोंड आपल्याकडे करून उभं आहे," वृंदाने कपाळाला आठ्या घालून वाचलं.

"थांबायचं."

"तिरकं, पण आपल्याकडे येतंय."

"थांबायचं."

"डोक्यात मारू का?"

"डोक्यात कधीच नाही. कवटी उतरती असते, मेंदू लहान. थांबायचं."

"मग मारायचं कधी? पुढच्या पगारवाढीला?"

"आडवं उभं राहिलं आणि आपल्या बाजूचा पुढचा पाय त्याने पुढे टाकला की. खांद्याच्या जरा मागे, छातीच्या खालच्या एक-तृतीयांश भागात. हृदय, फुप्फुसं तिथेच. आणि गोळी आरपार गेली पाहिजे, कारण चरबी आणि केस इतके दाट असतात, की रक्त जमिनीवर पडतच नाही. मग जखमी जनावर शोधणार कसं?"

"हरिहर, मी कोशिंबीर करतेय."

"सॉरी."

हे सगळं घरात राहिलं असतं तर वृंदाने तीन आठवडे कसेबसे काढले असते. पण पुढच्या आठवड्यात बुधवारी फ्रिजवरचं अस्वल नाहीसं झालं आणि गुरुवारी शाळेतून फोन आला. आठ वर्षांच्या इरावतीला वर्गासमोर एखाद्या विषयावर पाच मिनिटं बोलायचं होतं. तिने प्राणी निवडला होता. चित्र घरात तयारच होतं.

शाळेच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला लावून दोघं बसले. समोर मारिके बाई. त्यांच्या हातात अस्वल आणि हरिहरच्या वहीची फाडलेली दोन पानं.

"इरावती छान बोलली," बाई म्हणाल्या. "पण शेवटी तिने मुलांना सांगितलं, की हे वर्तुळ बाबांनी काढलंय आणि बाबांना माहीत आहे, कुठे मारलं की लगेच मरतं. मी सरळच विचारते. घरात बंदूक आहे?"

"बंदूक?" वृंदा म्हणाली. "बाई, आमच्याकडे धड सुरीसुद्धा नाही."

"मग गोळ्यांच्या वजनाचा हा तक्ता तुमच्या अक्षरात कसा?"

हरिहरने घसा खाकरून सगळं सांगितलं. पाव, ताक, कॅटलॉग, करार. मारिके बाई लक्ष देऊन ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा काळजीकडून गोंधळाकडे गेला.

"म्हणजे तुम्हाला शिकारीत रस नाही."

"अजिबात नाही."

"मग त्यांना तसं सांगा ना."

हरिहर आणि वृंदाने एकमेकांकडे पाहिलं. इतके दिवस नवऱ्यावर वैतागलेली वृंदासुद्धा क्षणभर त्याच्या बाजूची झाली. "असं कसं सांगणार?" ती म्हणाली. "त्यांना वाईट वाटेल."

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहिलं. घरी येताना मागच्या सायकलवरून इरावती म्हणाली, "बाबा, why don't you just say nee?" डच भाषेतलं हे 'nee', म्हणजे 'नाही', हरिहरला अजून कुठल्याच भाषेत म्हणता येत नव्हतं. वृंदाने मात्र दारातच त्याच्याकडून कबूल करून घेतलं, की उद्या सकाळी पोचल्या पोचल्या साहेबाला खरं काय ते सांगायचं.

ब्रेड्यापर्यंतच्या सव्वा तासात हरिहरने ते वाक्य चौदा वेळा घोकलं. ऑफिसात शिरला तर योस्ट दारातच उभा.

"योस्ट, मला तुम्हाला एक सांगायचं होतं—"

"आधी माझं ऐक! पुढच्या गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत तू सगळ्यांपुढे बोलायचंस. विषय: काळं अस्वल, रायफल आणि नेम. मी सफरचंदाचा केक मागवतोय, म्हणजे कुणी उठून जाणार नाही. चालेल?"

"चालेल," हरिहर म्हणाला.

आता या माणसाला काय म्हणावं! वृंदा त्या रात्री जे काही म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गुरुवारी तीस माणसं केकच्या बशा घेऊन बसली. हरिहरने बेचाळीस स्लाइड्स केल्या होत्या. त्यांतल्या अकरांवर एकच शब्द मोठ्या अक्षरांत होता: 'थांबा.' पण बोलायला लागल्यावर त्याची भीड गेली. पाठांतर पक्कं होतं. "सगळ्यात मोठी रायफल ही सगळ्यात चांगली रायफल नव्हे," तो म्हणाला. "जिच्या धक्क्याला आपण घाबरतो, ती चालवताना डोळे आधीच मिटतात आणि नेम चुकतो. जिची भीती वाटत नाही ती घ्या. आणि जनावर आडवं उभं राहिलं नाही, तर गोळी न झाडता घरी या. त्यात कमीपणा नाही." केक संपला तरी कुणी उठलं नाही. योस्ट पहिल्या रांगेत चक्क टिपणं काढत होता.

शेवटी मागून एकाने हात वर केला. "तू स्वतः किती अस्वलं मारलीस?"

हरिहरने योस्टकडे पाहिलं. योस्ट कौतुकाने आकडा ऐकायला पुढे झुकला होता. चार दिवसांनी करार संपत होता. 'तीन' म्हटलं असतं तर कोण मोजायला जाणार होतं? पण वहीत याचं उत्तर नव्हतं, आणि वहीत नसलेलं उत्तर ठोकून द्यायला तो कधी शिकला नव्हता.

"एकही नाही," तो म्हणाला. "मी शाकाहारी आहे. रायफल मी हातातसुद्धा धरलेली नाही. योस्टना वाईट वाटू नये म्हणून प्रश्न विचारला, आणि मग... अभ्यास केला."

बशांवरचे चमचे थांबले. योस्टचा चेहरा लाल होत होत कानांपर्यंत गेला. आपण खोकी बांधतोय आणि वृंदा सोफ्यावर बसून बघतेय, हे हरिहरला स्पष्ट दिसलं.

योस्ट उभा राहिला. "मीही नाही," तो म्हणाला.

"काय मीही नाही?" मागून कुणीतरी विचारलं.

"मीही एकही मारलेलं नाही. आठ वर्षं. आठही वेळा अस्वल समोर आलं. कधी तोंड माझ्याकडे, कधी अर्धं झाडामागे. मी गोळी झाडली नाही. कॅम्पमधले लोक हसतात. मलाही वाटत होतं, की मी भित्रा आहे." त्याने पडद्यावरच्या मोठ्या अक्षरांकडे बोट केलं. "पण मी बरोबर होतो!"

तो इतक्या जोरात हरिहरच्या पाठीवर थोपटायला लागला, की जड रायफलचा धक्का कसा असतो, हे हरिहरला वहीपेक्षा नीट कळलं.

शुक्रवारी दुपारी योस्टने त्याला केबिनमध्ये बोलावलं आणि कायमचं पत्र समोर ठेवलं. "गेल्या वर्षी आपण तीन गिऱ्हाइकांना घाईघाईने हो म्हणालो आणि तिन्ही कामं लंगडत गेली. मला 'थांबा' म्हणणारा माणूस हवा होता. तीस जणांसमोर जो 'एकही नाही' म्हणू शकतो, तो कुणालाही नाही म्हणू शकेल. गिऱ्हाइकांना नकार देण्याचं काम आता तुझ्याकडे."

हरिहरने सही केली. मग योस्टने आणखी एक गोष्ट विचारली.

घरी दार उघडताच वृंदाने आधी त्याचा चेहरा पाहिला आणि मग हातातला लिफाफा.

"मिळालं?"

"मिळालं. कायमचं. वर जबाबदारीपण वाढली. गिऱ्हाइकांना नाही म्हणायचं काम."

"तुला? नाही म्हणायचं?" वृंदा हसत सुटली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. "अरे, मग असा उतरलेला चेहरा का?"

"सप्टेंबरात मला कॅनडाला जायचंय. दहा दिवस. झाडावर मचाण असतं. योस्ट नेम धरणार आणि मी शेजारी बसून 'थांबा' म्हणायचं."

वृंदाचं हसू जागच्या जागी विरलं. "हरिहर. तू नाही म्हणाला नाहीस?"

हरिहरने बूट काढून नीट जोडीने ठेवले.

"ते काम," तो म्हणाला, "सोमवारपासून सुरू होतंय."