विभूचा नवस

सोमवारची सकाळ. देवापुढचं निरांजन नुकतंच स्थिरावलं होतं आणि रोहिणीची पोथी दुसऱ्या अध्यायावर आली होती, तेवढ्यात तिची अकरावीतली लेक प्रगती मोबाइल घेऊन दारात उभी राहिली.

"आई, तू सांगायचीस ना ती सिरियल, 'विभूचं पाखरू', ती सापडली. कुणीतरी सगळे भाग टाकलेत."

पोथी वाचताना बोलायचं नाही हा रोहिणीचा वीस वर्षांचा नेम. तिनं नुसतं डोळ्यांनी दटावलं. पण प्रगतीचं बोट पडद्यावर टेकलं आणि खोलीत ती धून आली. आधी एकटी बासरी, मग मागून कुणी पाण्यात घुंगरू हलवावेत तसा आवाज. बाहेर मार्गशीर्षातलं धुकं शिरपामाळावरून उतरून जव्हारच्या गल्ल्यांत शिरलं होतं. बघता बघता ते तिच्या लहानपणच्या गावाचं, साखरशेतचं धुकं झालं. त्यातून गुरुजींचा ओटा वर आला, ओट्यावर दाटीवाटीनं बसलेली पोरं आली, आणि फुगीर काचेचा काळापांढरा टीव्ही आला. रोहिणीनं नकळत हात जोडले.

अध्याय पुरा झाल्यावर तिनं पोथी कपाळाला लावली, रुमालात बांधली आणि हळूच म्हणाली, "प्रगती, माझ्या हातून मोठी चूक झालीय गं. नवस राहिलाय."

विभू हा त्या मालिकेतला दहा वर्षांचा पोरगा. मामाच्या प्रयोगशाळेत लपंडाव खेळताना तो 'पाखरू' नावाच्या यानात लपला आणि यान त्याला घेऊन उडालं. सव्वीस रविवार तो एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर घर शोधत हिंडला, आणि इकडं त्याची आई रोज संध्याकाळी टेकडीवर कंदील घेऊन उभी राहिली. साखरशेतात टीव्ही एकच, गुरुजींचा, तोही बॅटरीवरचा. सव्विसाव्या रविवारी पाखरू पृथ्वीच्या हवेत शिरलं, पेटलं, आणि नेमकी तेव्हाच बॅटरी बसत आली. चित्र चारी कडांनी आवळत गेलं. पाखरू लहान झालं, विभू लहान झाला, आणि काळ्या काचेत मधोमध एक पांढरा ठिपका उरला. दहा वर्षांच्या रोहिणीनं त्या ठिपक्याकडे बघत गावदेवीला साकडं घातलं, की विभू सुखरूप घरी पोचू दे, तुला केस वाहीन. पण स्वतःच्या दोन वेण्यांवर तिचा फार जीव. म्हणून ठिपका विझायच्या आत तिनं घाईनं दुरुस्ती केली, की आमच्या धर्मेंद्रचे.

धर्मेंद्र तिचा धाकटा भाऊ. तेव्हा सहा वर्षांचा, तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडत होता. आता छत्तीस वर्षांचा, जव्हारात कारकून, आणि बिनलग्नाचा. अकरा स्थळं येऊन गेली. मुलगी समोर आली की त्याची जीभ टाळूला चिकटायची आणि हात केसांकडे जायचा. हे केसही मोजकेच. डाव्या कानावरून निघून ते उजव्या कानापर्यंत जात आणि वाटेत सगळ्या टक्कलाची सोय लावत. माक्याचं तेल, कांद्याचा रस, मेथीचा लेप, असा त्यांना रोज काहीतरी नैवेद्य असे. बारावं स्थळ मोखाड्याचं होतं आणि ते लोक येत्या रविवारी अकरा वाजता यायचे होते.

आई गेल्यापासून भावाच्या लग्नाची काळजी रोहिणीनंच वाहिली होती. त्याच्यासाठी तिनं सोळा सोमवार दोनदा केले होते. आज तिला उमगलं की गाडं कुठं अडलंय. सोळा सोमवार मागून ढकलत होते आणि एक जुना नवस चाकापुढं दगड होऊन बसला होता.

संध्याकाळी ती पलीकडच्या गल्लीत माहेरी गेली आणि तिनं सगळं सांगितलं.

"ताई, तू बरी आहेस ना?" धर्मेंद्र म्हणाला.

"देवीला शब्द दिलाय."

"शब्द तू दिलास. मग डोकं माझं कशाला? तुला वेण्या होत्या की चांगल्या दोन."

रोहिणीनं मान खाली घातली. "लहान होते रे. मोह झाला."

"आणि रविवारी पाहुण्यांपुढं काय सोललेला नारळ घेऊन बसू?"

"नवस ठेवून बसलास तर हेही स्थळ मोडेल."

"आणि फेडून बसलो तं जुळेल?"

वडील गोकुळआबा, वनखात्यातून निवृत्त झालेले, कोपऱ्यात सुपारी कातरत बसले होते. ते म्हणाले, "पण तो पोरगा घरी पोचला का, ते तं बघा आधी. नाय पोचला तं नवस कसला?"

धर्मेंद्रचा चेहरा उजळला. "बरोबर. लाव गं प्रगती शेवटचा भाग. पाच मिनिटांचं काम."

"थांब," रोहिणी मृदू आवाजात म्हणाली. "पोथी कुणी शेवटून वाचतं का? देवीसाठी बघायचं तर पहिल्यापासून. ओळीनं. आणि मध्ये उठायचं नाही."

असं ते पारायण ठरलं. मंगळवार ते शनिवार, दिवेलागणीनंतर, रोज पाच भाग आणि शेवटच्या दिवशी सहा. प्रगतीनं मोबाइल टीव्हीला जोडून दिला. रोहिणीनं टीव्हीशेजारी समई लावली.

पहिल्या दिवशी हसून पुरेवाट झाली. पाखराच्या यंत्रांवर सोड्याच्या बाटल्यांची बुचं चिकटवलेली दिसत होती. दुष्ट राजाच्या अंगावर उघड उघड पलंगपोस होता. मंगळावर विभू एकटाच रडत बसला असताना मागून एक शेळी चालत गेली.

"यो डबा उडल कसा?" आबा म्हणाले. "त्याला तं पंखाच नाय."

"आजोबा, तेव्हा असंच दाखवायचे."

"आणि मंगळावर शेळी?"

"असेल कुणाची तरी," धर्मेंद्र म्हणाला. त्याला बरं वाटत होतं. असल्या पुठ्ठ्याच्या डब्यासाठी कुठली देवी केस मागणार?

दुसऱ्या दिवशी हसू कमी झालं. बुचं तीच होती, पण ती आता बुचं वाटेनात. विभू कुठल्याशा निळ्या ग्रहावर उतरून वाळूत आईचं नाव लिहायचा आणि वारा ते पुसून टाकायचा. आबांचा अडकित्ता हातात तसाच राहिला. खिडकीबाहेर धुकं दाटलं की डेपोकडचे दिवे जमीन सोडून तरंगल्यासारखे दिसत, आणि घरातल्या कुणालाच आपण नक्की कुठं आहोत हे सांगता आलं नसतं.

गुरुवारी अडचण आली. मार्गशीर्षातला गुरुवार, लक्ष्मीचं व्रत. पारायण मोडायला नको म्हणून रोहिणीनं घटही माहेरीच मांडला. हळदीकुंकवाला शेजारच्या सकूताई आणि भागीवहिनी आल्या, तर समई तेवतेय, घरातली चार माणसं हात जोडून पडद्याकडे बघतायत. कथा चाललीय असं समजून दोघी पदर सावरून बसल्या. भाग संपला तेव्हा सकूताईंनी विचारलं, "हा कुठला देव गं?"

रोहिणीला खोटं बोलवेना. तिनं नवसापासून सगळं सांगितलं.

शुक्रवारी दोघी परत आल्या. येताना सकूताईंनी गूळपोहे आणले आणि भागीवहिनींनी सासूला. त्याच दिवशी एकोणिसावा भाग निघेना. तो कुणी टाकलाच नव्हता.

"पारायणात खंड पडला," रोहिणी पुटपुटली. तिचा चेहरा उतरला.

"मला आठवतो तो," धर्मेंद्र एकाएकी म्हणाला. "त्यात विभूला म्हातारा तारा भेटतो. विझत आलेला. तो म्हणतो, माझ्यातला शेवटचा उजेड घेऊन जा, तुला वाट दिसंल."

"मग सांग की," आबा म्हणाले.

आणि धर्मेंद्रनं सांगितलं. आधी अडखळत, मग उठून, मग दोन्ही हात पसरून. म्हातारा ताराही तोच झाला आणि विभूही. जीभ कुठं चिकटली नाही. हात केसांकडे गेले नाहीत. केस कानावरून सुटून खांद्यावर लोंबत होते आणि त्याचं त्याला भान नव्हतं. प्रगती आपल्या मामाकडे बघतच राहिली.

शनिवारी खोलीत चौदा माणसं होती. गल्लीत बातमी पसरली होती आणि विभू घरी पोचतो की नाही ह्यावर चहाच्या टपरीवर दोन तट पडले होते. सव्विसावा भाग लागला. पाखरू पेटलं. तीस वर्षांपूर्वी जिथं चित्र आवळलं होतं ती जागा आली आणि गेली. मग पडदाभर नुसता धूर. मग टेकडी. आईनं कंदील खाली ठेवला आणि ती धावत सुटली. पाखराचं दार अडकलं होतं. ते दोनदा हललं, तिसऱ्यांदा उघडलं, आणि विभू बाहेर येऊन म्हणाला, "आई, भूक लागली."

भागीवहिनींनी डोळे पुसले, सासूबाईंनी नाक पुसलं. आणि मग, एकेक करत, तेरा जणांची नजर धर्मेंद्रच्या डोक्यावर जाऊन थांबली.

"उद्याचं होऊन जाऊ दे," रोहिणी घाईनं म्हणाली. "देवी तीस वर्षं थांबली, आणखी आठ दिवस थांबेल." हे बोलताना आपण देवीशी घासाघीस करतोय ह्याची तिला लाज वाटली. धर्मेंद्र काळ्या पडद्याकडे बघत बसून राहिला.

रविवारी सकाळी रोहिणी फराळाचं घेऊन आली तर धर्मेंद्रचं अंथरूण रिकामं. दूध तापत ठेवलं तर ते नासलं. आबा पिशवी घेऊन दुसरं आणायला गेले. अकरा वाजायला आले तेव्हा धर्मेंद्र दारातून आत आला. गळ्याला मफलर, कपाळावर कुंकू, आणि वर गुळगुळीत, ओलसर, उन्हात चमकणारं डोकं.

"पहिल्या गाडीनं साखरशेतला गेलो," तो म्हणाला. "तिथल्या जिव्या न्हाव्यानं दुकान उघडायच्या आधी वस्तरा चालवला. देवीपुढं ठेवून आलो."

"अरे, पण आज..."

"ताई, तो म्हणाला ना, भूक लागली. मग मला राहवलं नाही."

रोहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायच्या आत पाहुणे आले.

पुढं नीता, मोखाड्याच्या आरोग्य केंद्रातली नर्स, धर्मेंद्रहून वर्षानं लहान. मागं तिची मामी, हातात पेढ्यांचा पुडा. आणि त्यांच्यामागं हरेशमामा. ह्या मामांच्या मिशा अख्ख्या तालुक्याला माहीत होत्या. दाट, दोन्ही टोकांना पीळ दिलेल्या, आणि बसच्या गर्दीतही मामा त्यांना आडवा हात धरून जपत. आठ दिवसांपूर्वी ह्याच मामांनी गोकुळआबांना भेटून दिवस पक्का केला होता.

मामांनी हसत "रामराम" म्हणायला तोंड उघडलं आणि धर्मेंद्रचं डोकं बघून ते मिटलं. त्यांनी घरभर नजर फिरवली. आबा कुठं दिसेनात. रोहिणीचे डोळे ओले. मामींनी पेढ्यांचा पुडा हळूच पदराखाली घेतला. तिघं खाली मान घालून सतरंजीवर टेकले.

"कधी झालं?" मामांनी दबक्या आवाजात विचारलं.

"पहाटे," धर्मेंद्र म्हणाला.

"चांगले धडधाकट होते हो. परवाच माझ्यासंगती भजी खाल्ली. निदान फोन तं करायचा."

एवढ्यात दारात दुधाची पिशवी आली आणि पिशवीमागून आबा. "आले का पाहुणे? बसा, बसा. धुक्यात वाट सापडली ना?"

मामींनी भिंत धरली. हरेशमामा अर्धे उठले, अर्धे बसले, आणि मग त्यांचा आवाज चढला. "आबा, तुम्ही जिवंत असताना ह्यानं डोकं भादरलं? ही काय चेष्टा लावली?"

स्थळ मोडलं, हे रोहिणीला दिसलंच. आता निदान खरं बोलायचं तिनं ठरवलं. "नवस होता, मामा. एक पोरगा सुखरूप घरी पोचावा म्हणून."

"कुणाचा पोरगा?"

"टीव्हीतला. तीस वर्षांपूर्वीचा. विभू नावाचा."

मामांनी बायकोकडे बघितलं. बायकोनं पुडा पदराखाली आणखी घट्ट धरला. "चला, उठा," मामा म्हणाले. "शहाणी माणसं समजून आलो होतो."

नीता उठली नाही. ती धर्मेंद्रकडे बघत होती. "पाखरूवाला विभू?" तिनं विचारलं. "तो पोचला?"

"पोचला," धर्मेंद्र म्हणाला.

"आमच्याकडं वीज गेली होती त्या दिवशी. मला वाटायचं, तो अजून वरच आहे. दवाखान्यातून घरी जाताना आभाळाकडं बघायची कधी कधी."

"दार अडकलं होतं," धर्मेंद्र म्हणाला आणि पुढं सरकून बसला. "आईनं कंदील खाली ठेवला..."

तो सांगत राहिला. नीता गुडघ्यांभोवती हात घालून ऐकत राहिली. म्हाताऱ्या ताऱ्याचा भागही तिचा चुकला होता, तोही त्यानं सांगितला. मामा उभे होते ते कंटाळून बसले. रोहिणीनं चहा आणला. मामींनी पुडा पदराबाहेर काढून सतरंजीवर ठेवला, आणि थोड्या वेळानं त्यातला एक पेढा स्वतःच तोंडात टाकला. पगार, शेती, पत्रिका, कुणी काही विचारलं नाही.

सगळं ऐकून झाल्यावर नीता खालच्या आवाजात म्हणाली, "मीसुद्धा बोलले होते तेव्हा. तो घरी पोचला तर वाहीन म्हणून."

"काय?" धर्मेंद्रनं विचारलं. "केस?"

"नाय." तिनं जमिनीकडे बघितलं. "मामांच्या मिशा."

हरेशमामांच्या हातातली बशी थांबली. दुसरा हात आपोआप वर गेला.

रोहिणीनं त्यांच्या कपात आणखी थोडा चहा ओतला आणि आपल्या नेहमीच्या मृदू आवाजात म्हणाली, "लग्नाआधी फेडलेला बरा हो, मामा."