खोक्यावरचं कार्ड

दोष बाबांचा होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे गोष्ट अशा थराला जाते की वाचणारा भलत्यालाच धरून बसायचा. (ही भीती चिरंजीवांची. ती अगदीच अनाठायी नाही.)

बाबा जन्मभर एका कचेरीत आवक-जावक सांभाळून निवृत्त झाले. संध्याकाळी टेबलावर एकही कागद उरता कामा नये, हा त्यांचा बाणा. निवृत्तीनंतर कागद यायचे बंद झाले, बाणा तेवढा शिल्लक राहिला. अशा माणसाला घरात मोकळं सोडणं धोक्याचं असतं. आईच्या फोनवर आलेली प्रत्येक सूचना ते शेवटपर्यंत वाचतात आणि 'ठीक आहे' दाबतात. त्यामुळे आईला रोज सकाळी कुठल्या तरी परक्या बंदरातल्या भरती-ओहोटीच्या वेळा कळतात.

त्या दिवशी चिरंजीव आंघोळीला गेले आणि चालू कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात एक चौकट उमटली. ग्राफिक्स कार्डाचा नवा ड्रायव्हर (पडद्यावर चित्रं उमटवणारं कार्ड चालवणारा प्रोग्राम) आलाय. आता घ्यायचा की नंतर? 'नंतर' हा शब्द बाबांनी उभ्या नोकरीत उच्चारला नव्हता. पुढच्या पानावर कार्डाचं मॉडेल विचारलं होतं. दुसरा कुणी इथे थांबला असता. बाबांनी स्टूल आणलं, कपाटावरून कार्डाचं खोकं उतरवलं (घरातल्या प्रत्येक वस्तूचं खोकं त्यांनी जपलंय, इस्त्री जळून गेली, तिचं खोकं आहे), चष्मा पुसला, खोक्यावरचं मॉडेल अक्षर न अक्षर जुळवलं आणि बटण दाबलं.

चिरंजीव डोकं पुसत बाहेर आले तेव्हा पडद्यावरची चित्रं बशीएवढी झाली होती.

"काय केलंत?"

"प्रलंबित होतं. निकाली काढलं."

चिरंजीवांनी आपला प्रोग्राम उघडला. प्रोग्रामने एकच वाक्य दाखवलं: ग्राफिक्स कार्ड सापडलं नाही.

त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच त्यांनी कॉलेज सोडलं होतं. (अभ्यासक्रम जुनाट आणि शिकवणारे त्याहून जुनाट, हे त्यांचं जाहीर मत. ते त्यांनी भर वर्गात जाहीर केलं होतं.) तेव्हापासून ते न बांधलेल्या इमारतींच्या फिल्म बनवतात, कॅमेरा आत शिरून खोल्याखोल्यांतून हिंडल्यासारखं दाखवतात. एका आर्किटेक्ट बाईंनी दवाखान्याची फिल्म मागितली होती. आज संध्याकाळी सहाच्या आत. आवडली तर वर्षभराचं काम. शेवटचा तुकडा कॉम्प्युटरमधून तयार होऊन बाहेर पडायचा राहिला होता आणि त्याला तीन तास हवे होते.

खरं तर इलाज दहा मिनिटांचा होता. चुकीचा ड्रायव्हर काढायचा, बरोबर मॉडेलचा घालायचा. पण ते मॉडेल खोक्यावर लिहिलेलं नव्हतं.

कारण चिरंजीवांनी हे कार्ड बंद पडलेल्या एका सायबर कॅफेतून उचललं होतं आणि मित्राकडच्या रिकाम्या खोक्यात घालून, नवंकोरं म्हणून घरी आणलं होतं. वापरलेली वस्तू म्हणजे दुसऱ्याचं दुखणं विकत घेणं, असं बाबा म्हणतात. आणि मुलाने कॉलेज सोडलं तेव्हा बाबांनी एकच अट घातली होती: "काय करायचं ते कर. पण लपवाछपवी नको. एक खोटं सापडलं की पुन्हा कॉलेज."

म्हणजे बाबांना दहा मिनिटं खोलीबाहेर काढलं की झालं. चिरंजीवांनी आवाज शक्य तितका मऊ केला.

"बाबा, तुम्ही जरा पडा जाऊन. मी बघतो."

"छे! चूक माझी आहे. दुरुस्त होईपर्यंत मी इथून हलणार नाही." बाबांनी खुर्ची ओढली आणि ते चिरंजीवांच्या मानेमागे बसले. पडद्यावर जे येईल ते मोठ्याने वाचायची त्यांना सवय. पश्चात्ताप झालेला वडीलधारा माणूस रागावलेल्यापेक्षा दसपट त्रासदायक असतो. रागावलेला निदान उठून जातो.

"मला पाणी हवंय."

"अगं, ह्याला पाणी आण!" बाबा बसल्या जागेवरून ओरडले. आई पाणी घेऊन आली आणि तीही थांबली.

"मेन स्विच बघून या ना. मला वाटतं वीज कमी येतेय."

"दिवा तर नीट लागलाय," आई म्हणाली. (आईला नको तेव्हा बरोबर दिसतं.)

मग बाबांच्या डोक्यात प्रकाश पडला. "अरे, कार्ड नवीन आहे! खोक्यावर तीन वर्षांची हमी छापलीय. कंपनीला फोन लावतो. बसल्या बसल्या बदलून देतील!"

"नको!" चिरंजीव इतक्या जोरात ओरडले की आईच्या हातातलं भांडं हिंदकळलं.

"नको काय? हक्क आहे आपला."

फोन स्पीकरवर लागला. बराच वेळ बासरी वाजली. मग एक मुलगी बोलायला लागली. बाबांनी तिला नाव, हुद्दा आणि निवृत्तीचं साल सांगितलं, मग तक्रार मांडली. तिने ऐकून घेतलं. "सर, कार्डवरचा नंबर सांगा."

"खोक्यावरचा चालेल?"

"नाही सर. कार्डवर छापलेला असतो. कॉम्प्युटरची कॅबिनेट उघडावी लागेल."

"उघडलं की हमी जाते!" चिरंजीव म्हणाले.

"नाही जात, सर," मुलगी गोड आवाजात म्हणाली. चिरंजीवांना त्या क्षणी तिच्याइतका वैरी जगात कुणी नव्हता.

घरात स्क्रू ड्रायव्हर नाही, ही शेवटची आशा होती. तेवढ्यात काका आले. काका स्क्रू ड्रायव्हर खिशात घेऊनच हिंडतात. त्यांनी एकदा मिक्सर दुरुस्त केला होता. तेव्हापासून तो बंद होत नाही, प्लग काढावा लागतो.

"सरक रे," काका म्हणाले.

"काका, शॉक बसेल."

"मला? मला शॉक बसून बसून सवय झालीय."

चिरंजीव कॅबिनेटला पाठ लावून उभे राहिले. भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजायला आले होते. असंच उभं राहून अडवलं तर फिल्म जाते, बाजूला झालं तर अब्रू जाते. आर्किटेक्ट बाईंचा मेसेज आला: 'वाट बघतेय. कमिटी बरोबर सहाला बसेल.' चिरंजीव बाजूला झाले.

काकांनी स्क्रू काढले. बाबांनी टॉर्च धरला. नव्याकोऱ्या कार्डावर धुळीची मऊ गोधडी पसरली होती. काकांनी फुंकर मारली, सगळे शिंकले, आणि खालून एक पिवळी पडलेली चिठ्ठी वर आली. बाबांनी सवयीप्रमाणे ती मोठ्याने वाचली:

"मशीन अकरा. इथे च्युइंगम चिकटवू नये."

"सॉरी सर, हा नंबर आमच्याकडे दिसत नाही," फोनमधली मुलगी म्हणाली.

"दादा," काका म्हणाले, "खाली च्युइंगम पण आहे."

आईने खोक्याकडे पाहिलं, मग कार्डाकडे, मग मुलाकडे. चिरंजीवांची नजर जमिनीवर होती. बाबांनी टॉर्च आणखी जवळ नेला, चिठ्ठी नखाने सोलली आणि तिच्याखालचं खरं मॉडेल शांतपणे फोनमध्ये सांगितलं.

"हे खूप जुनं आहे, सर. ह्याला जुनाच ड्रायव्हर लागतो. पाच मिनिटांचं काम आहे, करून घेऊ या का?"

"घ्या," बाबा म्हणाले.

पाच मिनिटांत चित्रं पुन्हा बोराएवढी झाली. प्रोग्राम उघडला. तुकडा बाहेर पडायला लागला. किती काम झालं ते दाखवणाऱ्या हिरव्या पट्टीकडे चौघंही तीन तास बघत बसले. अर्ध्यावर असताना कोपऱ्यात पुन्हा चौकट उमटली: नवा ड्रायव्हर आलाय, आता की नंतर? तिघांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यावर बसून राहिले.

सहाला थोडीच मिनिटं उरली असताना फिल्म गेली. अर्ध्या तासाने उत्तर आलं: 'कमिटी खूश. पुढचं काम सोमवारी सकाळी सुरू करू.'

"मिळालं!" चिरंजीव ओरडले. काकांनी पाठीत धपाटा घातला. आईने डोळे पुसले.

"अभिनंदन," बाबा म्हणाले. "त्या बाईंना सांग, सकाळी जमणार नाही. संध्याकाळी करीन म्हणावं."

"का?"

"सकाळी कॉलेज असतं."

"पण बाबा, बंद तुमच्यामुळे पडलं!"

"पडलं ना. ते निकाली निघालं. तुझं प्रलंबित आहे."

एवढं बोलून त्यांनी स्टूल आणलं आणि रिकामं खोकं पुसून पुन्हा कपाटावर ठेवलं.

दोष बाबांचाच होता. चिरंजीवांना तो कॉलेजच्या उरलेल्या चार सत्रांना पडला.