मोटोक्रॉसच्या मैदानात अधिकाचे वाण

"त्यात काय एवढं, मीच नेऊन देतो," असे त्रिविक्रमराव बोलून गेले, तेव्हा ते बसवनगुडीतल्या आपल्या स्वयंपाकघराच्या दाराशी कॉफीचा पेला धरून उभे होते आणि त्यांचे निम्मे लक्ष पेल्यात होते. (आयुष्यातले महत्त्वाचे निर्णय त्यांनी याच पद्धतीने घेतले होते. लग्नाचाही.) आत सत्यवतीबाई तुपात अनारसे सोडत होत्या. हातात झारा तसाच धरून त्या मागे वळल्या.

"मोटारसायकलींच्या शर्यतीत? वाण घेऊन?"

"जावई तिथं आहे, तर वाण तिथं जाईल. तो इकडं येत नाही, म्हणून वाणानं रुसून बसायचं का?"

अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येतो आणि त्या महिन्यात जावई हा माणूस राहत नाही, विष्णूचे रूप होतो. त्याला अनारशांसारखा जाळीदार पदार्थ चांदीच्या तबकात घालून, सोबत तेवते निरांजन ठेवून द्यायचा असतो. मनस्विनीच्या लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक. महिना सोमवारी संपत होता. मनस्विनी ऑफिसच्या कामासाठी हैदराबादला गेली होती, आणि तिचा नवरा मल्हार, मूळचा पुण्याचा, आता एचएसआर लेआउटमध्ये सॉफ्टवेअरवर उदरनिर्वाह करणारा, रविवारी दिवसभर बोम्मसंद्र्याच्या पलीकडे भरलेल्या आंतरराष्ट्रीय सांघिक मोटोक्रॉसला जाणार होता. तिथून तो परस्पर विमानतळ गाठणार होता. "अक्का, सॉरी, पण इंडियाची टीम आहे हो," असे तो फोनवर सासूला म्हणाला होता. त्या 'अक्का'मुळे सत्यवतीबाईंनी त्याला तत्काळ क्षमा केली.

त्रिविक्रमरावांचे दुखणे नेमके तिथे होते. मल्हार पहिल्या दिवसापासून सासूला 'अक्का' म्हणू लागला. सासऱ्याला मात्र तो 'सर' म्हणे. घरातले, गल्लीतले, सारे त्यांना 'अण्णा' म्हणत. 'सर' त्यांना फक्त बँकेतली मुलगी म्हणे आणि चुकीच्या नंबरवरून कर्ज देऊ करणारे लोक म्हणत. दोष काही अंशी त्यांचाही होता. मुलगा बघायला म्हणून ते गेले होते खरे, पण आयुष्य हिशेबतपासनिसाच्या नोकरीत गेल्यामुळे त्यांनी मुलाची भेट न घेता तपासणी केली होती. तेव्हापासून दोघांत रहदारी या एकाच विषयावर बोलणे होई. सिल्क बोर्डच्या कायम तुंबलेल्या चौकाने त्या दोघांना जेवढे जवळ आणले, तेवढे दुसऱ्या कशानेही आणले नाही.

मनस्विनीचे तिकीट पडूनच होते. मल्हारने ते फोनवर पाठवले आणि वर लिहिले, 'सर, आर यू शुअर?' त्रिविक्रमरावांनी कन्नडमध्ये, 'ठीक' या अर्थी, उत्तर लिहिले, 'सरी.' लिहून झाल्यावर त्यांना वाटले, याहून प्रेमळ काही लिहिता आले असते.

रविवारी ते निघाले ते लाल काठांचे पांढरेशुभ्र धोतर, रेशमी काठाचे उपरणे, कपाळाला गंध अशा थाटात. सत्यवतीबाईंनी माहेरून आलेले चांदीचे तबक भरले, निरांजनात तुपात भिजवलेली वात ठेवली आणि वर हळदीसारखे पिवळेधमक रेशमी वस्त्र घातले.

"दिवा लावल्याशिवाय द्यायचं नाही," त्यांनी बजावले. "आणि वस्त्र परत आणायचं. माझ्या आईचं आहे ते."

"आणीन."

"छत्रीसुद्धा आणीन म्हणाला होतात."

"कोणती छत्री?"

"बघा."

मैदानाच्या दारावरच्या रखवालदाराने तबकावरचे वस्त्र बोटाने उचलून आत पाहिले. "इदु एनु, सार? बाहेरचं खाणं अलाउड नाही."

"हे खाणं नव्हे, दान आहे," त्रिविक्रमराव कन्नडमध्ये म्हणाले.

"कज्जायासारखं दिसतंय."

"कज्जायच, पण आमच्या पद्धतीचा. जावयासाठी."

रखवालदार विचारात पडला. त्यालाही जावई असावा. अखेर त्याने अनारसे सोडले, मात्र काडेपेटी ठेवून घेतली. "जाताना घेऊन जा, सार. आत पेट्रोल आहे."

आत शिरताच त्रिविक्रमरावांना वाटले की आपण जत्रेत आलो आहोत. अभ्यासकाच्या दृष्टीने ते फारसे चुकतही नव्हते. धूळ, चिखल, झेंडे, तोंडाला रंग फासलेली मंडळी, आपापल्या दैवताच्या नावाचा गजर, सारे होते. ढोलांच्या जागी मात्र भोंगे होते, आणि काही भक्तांनी लाकूड कापायची यंत्रे, त्यांची साखळी काढून टाकून, केवळ आवाजासाठी आणली होती. आदल्या दिवशीच्या पावसाने वाट तांबडी आणि चिकट झाली होती. त्या वाटेवरच्या मातीच्या टेकाडांवरून मोटारसायकली आकाशात उडत, क्षणभर तिथेच काहीतरी विसरल्यासारख्या थांबत आणि मग खाली येत.

त्यांनी फोन लावला.

"सर, कुठे आहात?"

"कुंपणाशी. तू?"

"मी मोठ्या जंपच्या पलीकडे. समोर बघा, टेकाडाच्या त्या बाजूला. निळी टोपी."

"इथं निळ्या टोप्या पुष्कळ आहेत."

"काय? ऐकू येत नाही, सर."

"निळ्या टोप्या."

"हो, निळीच."

फोन बंद झाला. त्याच वेळी ध्वनिवर्धकावरचा माणूस ओरडू लागला की भारताचा तिसरा भिडू, बोम्मसंद्र्याचा गुरुराज, अकराव्या क्रमांकावर आला आहे; आजवर आपल्यापैकी इतक्या पुढे कोणी गेले नव्हते. सारे मैदान उभे राहिले. पलीकडच्या कुंपणाशी त्रिविक्रमरावांना मल्हार दिसला. हात वर करून तो लहान मुलासारखा नाचत होता. आपल्या जावयाला असे उघड आनंदात त्यांनी प्रथमच पाहिले. त्यांच्या घरी तो नेहमी मुलाखतीला बसल्यासारखा बसे. त्या आनंदात आपलाही वाटा असावा, निदान आपण आल्याचे त्याला दिसावे, असे त्यांना फार वाटले. हाक ऐकू जाणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी तबकावरचे पिवळे वस्त्र काढले, हात उंच केला आणि ते जोराने हलवले.

विधीची जागा बदलता येते. रंगाचा अर्थ मात्र जागेच्या ताब्यात असतो. आपल्याकडे पिवळा म्हणजे हळद, भंडारा, मंगल कार्य. तो रंग 'या' म्हणतो. मोटोक्रॉसच्या वाटेवर पिवळे निशाण हलले, तर त्याचा अर्थ 'पुढे कोणी पडले आहे, उडी मारू नका, सावकाश जा' असा असतो, आणि ते हलवण्याचा अधिकार फक्त गणवेशातल्या पंचांना असतो. परदेशी स्वारांनी धोतरातल्या पंचाकडे ढुंकूनही पाहिले नाही. गुरुराज मात्र आपल्याच मातीतला होता. गंध लावलेला एक वडीलधारा माणूस, एका हातात चांदीचे तबक, दुसऱ्यात पिवळे रेशमी वस्त्र, समोर उभा राहून सावध करतो आहे, हे पाहिल्यावर गाडी न रोखण्याचे संस्कार त्याच्यावर नव्हते. त्याने वेग सोडला, तो टेकाड बैलगाडीच्या चालीने चढला, आणि त्याच्या डोक्यावरून व आजूबाजूने जग पुढे निघून गेले.

जाता जाता त्या जगाच्या मागच्या चाकांनी त्रिविक्रमरावांना डोक्यापासून पायांपर्यंत तांबड्या चिखलाने न्हाऊ घातले. वस्त्र हातात असल्यामुळे अनारसे उघडेच होते. त्यांनाही प्रसाद मिळाला.

पुढच्याच क्षणी एक पंच धावत आला आणि त्याने वस्त्र हिसकावून घेतले. ध्वनिवर्धकावरून 'अनधिकृत पिवळे निशाण' अशी घोषणा तीन भाषांत झाली. त्रिविक्रमरावांना तिन्ही भाषा उत्तम येत होत्या. (शिक्षणाचे तोटे असे वेळ पाहून कळतात.) पलीकडे मल्हारचे वर गेलेले हात हळूहळू खाली आले, ते त्यांनी पाहिले.

ते मक्याच्या गाडीमागे एका उलट्या खोक्यावर जाऊन बसले. मांडीवर तबक होते. आता हा मुलगा आपल्याला 'सर'सुद्धा म्हणणार नाही, हे ते मनाशी धरून चालले. पळून जावे असेही त्यांच्या मनात आले, पण वस्त्र पंचांकडे होते आणि बायको घरी होती. शर्यत संपली, मोठा जल्लोष झाला, कशाचा ते त्यांना समजेना. मग चिखलातून पचपच करत पावले आली आणि समोर निळी टोपी थांबली. मल्हारच्या हातात पिवळ्या वस्त्राची घडी होती.

"हे सोडवून आणलं," तो म्हणाला. "त्यांना सांगितलं, माझे सासरे आहेत, पहिल्यांदाच आलेत."

"मल्हार, माझ्यामुळे आपला संघ..."

"काही झालं नाही." तो चक्क त्यांच्या शेजारी, चिखलातच टेकला. "रूल ऐका. टीममध्ये तीन रायडर, प्रत्येकाच्या दोन रेस, म्हणजे सहा रिझल्ट. त्यातला सगळ्यात वाईट काढून टाकतात. धरतच नाहीत. उरलेल्या पाचांची बेरीज, ती जितकी कमी तितकं वर. गुरुराजचा हा रिझल्ट तसाही जाणारच होता, अण्णा. त्याची रेस पहिल्यापासून वाईटच चालली होती. आपण शेवटून चौथे आलोय. गेल्या वेळी शेवटचे होतो. लोक नाचतायत बघा."

त्रिविक्रमरावांनी लोकांकडे पाहिले नाही. वाक्याच्या मधोमध एक शब्द येऊन गेला होता आणि तो खरोखर आला की कानात चिखल गेल्यामुळे तसे वाटले, याची ते खात्री करत होते.

दिवा लावायचा तर काडेपेटी दारावर होती. म्हणून वाण दारावरच झाले. मल्हार पार्किंगमधल्या स्वतःच्या मोटारसायकलवर पूर्वेकडे तोंड करून बसला, कारण पाट नव्हता. रखवालदाराने काडी ओढली आणि वाऱ्याला आडवा हात धरला. त्रिविक्रमरावांनी जावयाच्या कपाळाला कुंकू लावले. चिखलावर ते नीट टिकेना, म्हणून दोनदा लावले. मल्हारने तबक दोन्ही हातांत घेतले, वाकून नमस्कार केला, आणि वरचाच, सर्वांत तांबडा अनारसा उचलून तोंडात टाकला.

"खालचा घे," त्रिविक्रमराव म्हणाले. "तो स्वच्छ असेल."

"असू दे. खसखस कुठली आणि बोम्मसंद्रा कुठला, कळत नाही."

एवढ्यात हेल्मेट काखेत मारून गुरुराज तिथून चालला होता. त्याने धोतर ओळखले आणि तो थांबला. त्रिविक्रमरावांनी काही बोलण्याआधीच तो कन्नडमध्ये म्हणाला, "अज्जा, मला वाटलं पुढून देवाची पालखी येतेय. आडवं कसं जायचं?" त्यालाही दोन अनारसे मिळाले. रखवालदाराने स्वतःहून एक घेतला आणि 'स्वल्प वाळू लागते, पण कज्जाय चांगला आहे,' असा अभिप्राय दिला.

परतीच्या ऑटोत त्रिविक्रमरावांच्या डोक्यात जुन्या सवयीने बेरीज सुरू झाली. अकरावा क्रमांक हा संघाचा सर्वांत वाईट निकाल असूच शकत नव्हता. तो सर्वांत चांगला होता. गुरुराज थांबला नसता, तर दुसराच कोणतातरी वाईट निकाल वगळला गेला असता, बेरीज कमी भरली असती, आणि भारत शेवटून चौथ्याहून पुष्कळ वर गेला असता. म्हणजे मल्हारने सांगितलेला हिशेब चूक होता; आणि ज्याला प्रत्येक स्वाराचा क्रमांक पाठ, त्याच्या हातून अशी चूक अनवधानाने होणे शक्य नव्हते. त्रिविक्रमरावांनी तो हिशेब पुन्हा एकदा तपासला, चूक पक्की केली, आणि नोकरीतल्या व नोकरीनंतरच्या साऱ्या आयुष्यात पहिल्यांदाच, कोणताही शेरा न मारता, मंजूर केला. ऑटोवाल्याने आरशातून पाहिले. म्हातारा चिखलाने माखलेला होता आणि हसत होता.

घरी सत्यवतीबाईंनी त्यांना न्हाणीघराच्या दाराशीच थांबवले. त्यांनी वस्त्र उलगडून उजेडात धरले आणि मग नवरा पाहिला.

"दिवा लावला?"

"लावला."

"काही बोलला?"

"अण्णा म्हणाला."

सत्यवतीबाईंनी पदराच्या टोकाने नवऱ्याच्या भुवईवरचा वाळलेला चिखल काढला, खरे तर जरा जास्तच वेळ काढला. इतक्यात फोन वाजला. विमानतळावरून मल्हार बोलत होता. सत्यवतीबाईंनी फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"अक्का, अनारसे बेस्ट. पुढच्या वर्षी परत इथेच आहे रेस. मनू, तुम्ही, मी, सगळे जाऊ. अण्णांनापण आणायचं. फक्त कपड्यांचं जरा बघा हं."

"का रे? कुठला रंग चालत नाही?"

"पिवळा नको, ते तर झालंच. लाल म्हणजे रेस बंद. निळा दाखवला की मागच्याला वाट द्यायची. हिरव्यानं रेस सुटते."

"मग पांढरं धोतरच बरं."

"पांढऱ्यावर लाल फुली असली की डॉक्टर येतात. त्यांच्या धोतराला काठ लाल आहेत ना? रिस्क नको." पलीकडे तो विचार करत असल्याचे ऐकू आले. "एकच कलर सेफ आहे, अक्का. चिखलाचा."

सत्यवतीबाईंनी नवऱ्याला गंधापासून धोतराच्या काठापर्यंत एकदा नीट न्याहाळले.

"मग नवीन काही घ्यायला नको," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "हे असेच येतील."