मादळवाडी मत्स्यसंस्थेचं टरबूज

पाणी, पद आणि प्रसंग या तीन गोष्टी कायम टिकत नाहीत, असं जाणते लोक सांगतात. बीड जिल्ह्यातल्या सहकाराने यातली मधली गोष्ट खोटी पाडून दाखवली आहे. उरलेल्या दोन मात्र खऱ्या आहेत.

मादळवाडीच्या मच्छीमार सहकारी संस्थेचे अध्यक्ष अर्जुनराव हे संस्था निघाली तेव्हापासून अध्यक्ष आहेत. ते माळकरी आहेत. त्यांनी आयुष्यात मासा खाल्लेला नाही, धरलेला नाही, आणि कार्यालयात कोणी तळून आणला तर ते खिडकीकडे तोंड करून बसतात. यामुळे संस्थेच्या कारभारात एक प्रकारचा निःपक्षपातीपणा आला, असं सर्वांचं मत आहे. (मासे सोडून. त्यांना विचारलेलं नाही.)

सलग दोन पावसाळे कोरडे गेले आणि मादळवाडीचा तलाव आटू लागला. आधी भिंतीचे दगड उघडे पडले, मग मधली टेकडी वर आली. शेवटी तळाला इतकंच पाणी उरलं, की त्यात म्हशी बसल्या की पाण्याला जागा राहत नसे. मग म्हशींनीही राजीनामा दिला. राहिला तो गाळ.

आता नियम असा, की ज्या मत्स्यसंस्थेचं वर्षात काहीच उत्पादन नाही, तिची नोंदणी रद्द होते आणि तलावाचा ठेका लिलावात जातो. एक ठेकेदार चारचाकीतून येऊन तो कोरडा तलाव दोनदा बघूनही गेला होता. दुसऱ्या खेपेला तो खाली उतरला, हाताची सावली डोळ्यांवर धरून बराच वेळ उभा राहिला. पाणी नसलेल्या तलावाकडे जो इतक्या मायेने बघतो, तो माणूस बरा नव्हे, हे पहिल्यांदा बायनाबाईच्या लक्षात आलं. ती संस्थेची सभासद, आठवडी बाजारात मासे विकणारी. तिचा नवरा सटवा जाळं टाकायचा.

संस्थेने सरकारकडे पाणी मागितलं. पाणी नव्हतं. चारा मागितला. (मासे चारा खात नाहीत, पण मागायची सवय असावी.) चाराही नव्हता. मार्गदर्शन मात्र ताबडतोब मंजूर झालं, कारण मार्गदर्शनाला पाणी लागत नाही.

त्यानुसार पुण्याहून सुहृद पाटणकर सर आले. ‘अनिश्चित काळात व्यक्ती आणि संस्था यांना बदलाकडे कसे न्यावे’ हा त्यांचा विषय. पांढरे बूट घालून ते गाळात उतरले आणि बूट न सोडता वर आले, एवढ्यानेच त्यांच्याबद्दल गावात आदर निर्माण झाला.

सरांनी सभासदांना मारुतीच्या पारावर बसवून डोळे मिटायला सांगितलं.

“कल्पना करा, तुम्ही एक मासा आहात.”

“कंचा मासा, सर?” बायनाबाईने डोळे मिटूनच विचारलं.

“तुम्हाला जो आवडतो तो.”

“मला रश्श्यातला आवडतो.”

सरांनी याला ‘सर्जनशील प्रतिसाद’ म्हटलं. मग त्यांनी माणसांचे प्रकार समजावले: बदलाचं स्वागत करणारे, बदलाला घाबरणारे आणि बदलाला विरोध करणारे. मादळवाडीची पाहणी केल्यावर त्यांना चौथाही प्रकार आढळला, जेवणाला थांबलेले. त्यांचं प्रमाण नव्वद टक्के निघालं.

विरोध करणारा एकच होता. तलावाच्या अगदी मधोमध, जिथे एरवी दोन पुरुष पाणी असायचं, तिथे सटवा आपल्या थर्माकोलच्या तराफ्यावर बसलेला होता. कोरड्या गाळावर तराफा, तराफ्यावर सटवा. सकाळी जायचा, अंधार पडता परत यायचा. लोक म्हणायचे, बिचाऱ्याच्या मनावर परिणाम झालाय.

सर स्वतः त्याच्याकडे चालत गेले.

“काका, पाणी गेलंय. हे आपण स्वीकारायला हवं.”

“दिसतंय की मला.”

“मग इथे का बसलात?”

“शेळ्या.”

“म्हणजे?”

“उठलो की शेळ्या येत्यात.”

सर गंभीर झाले. परत आल्यावर ते ओल्या आवाजात सभासदांना म्हणाले, “मित्रांनो, प्रत्येकाच्या मनात एक शेळी असते. आपण उठलो, की ती येते.” टाळ्या पडल्या. अर्जुनरावांनी तर डोळे पुसले.

तराफ्याच्या पलीकडे, बूड टेकलेल्या सटव्याच्या सावलीत, टरबुजाचे वेल पसरले होते. ते सरांना दिसले नाहीत. बायनाबाईने गाळाच्या ओलीवर बी टोकलं होतं, आणि नवऱ्याला राखणीला बसवलं होतं. गावाला तिने काही सांगितलं नव्हतं, कारण गावाला सांगितलं की आधी समिती होते.

पण त्या टाळ्या ऐकून तिला राहवेना. ती उठली.

“अध्यक्षसाहेब, शेळी मनात न्हाई, तळ्यात हाय. आन तिथं म्या टरबूज लावलंय. लई धरलंय. समद्यांनी लावा.”

अर्जुनराव दचकले. “अवो बाई, मच्छीमार संस्थेत टरबूज? संस्थेच्या नियमात कुठं बसतंय हे?”

“नियमात पाणी बसतंय न्हवं? कुठं हाय ते?”

“तरी पण...”

“तरी पण काय? त्यो गाडीवाला तळं घेऊन गेला, तर पाणी आल्यावर आमी काय करायचं? काठावर बसून बगळे मोजायचे? काहीतरी पिकलंय, एवढं दिसाया पायजे. मासा पिकंना तर टरबूज.”

अर्जुनरावांनी गळ्यातली माळ चाचपली. चाचपता चाचपता त्यांना असं वाटलं, की ही कल्पना मूळची आपलीच आहे. (नेतृत्वाचं हेच लक्षण.) त्यांनी ठराव मांडला: ‘संस्था पाण्याखालील व्यवसायाकडून पाण्यावाचूनच्या व्यवसायाकडे वाटचाल करील.’ ठराव एकमताने मंजूर झाला. सर पुण्याला जाताना म्हणाले, की इतकं झपाट्याने बदलणारं गाव त्यांनी पाहिलं नाही.

पुढे गाळ जिवंत झाला. रानडुकरं येऊ नयेत म्हणून जाळ्यांची कुंपणं झाली. बीडचा फळवाला पाशा टेम्पो घेऊन थेट तलावात उतरला. टरबुजावर टिचकी मारून, कान लावून तो म्हणाला, “भाभी, ये तो साखर है.” एक खेप बीडला, एक कडा गावच्या बाजारात. रस्त्याने माल आपटून फुटू लागला, तेव्हा अर्जुनरावांनी दुसरा ठराव आणला: सर्व तराफे कापून टेम्पोत अंथरावेत, कारण जुनं सोडल्याशिवाय नवं हाती येत नाही, असं सर म्हणून गेलेत.

सगळ्यांनी तराफे दिले. सटव्याने आपला स्वतःच कापला, विळ्याने. बायनाबाई तोंड फिरवून उभी राहिली. पांढरा भुगा वाऱ्यावर उडून तिच्या पदराला चिकटत होता आणि ती तो झटकत नव्हती. त्या दिवशी सटवा जेवला नाही. (संस्थेच्या वार्षिक अहवालात याचा उल्लेख नाही. अहवाल यशाचा होता.)

मग तपासणीला मत्स्यखात्याचे साहेब आले. त्यांच्याकडे माशांच्या प्रकारांचे रकाने होते: कटला, रोहू, मरळ, इतर. साहेबांनी एक टरबूज खाल्लं, दुसरं खाल्लं आणि विचार करून उत्पादन ‘इतर’मध्ये लिहिलं. ‘इतर’ हा रकाना काढून टाकला तर या देशातलं निम्मं काम बंद पडेल. नोंदणी वाचली, ठेका वाचला, आणि चारचाकीवाला ठेकेदार दुसऱ्या तालुक्यात मायेने बघू लागला. अर्जुनरावांना बदलाभिमुख नेतृत्वाचं सन्मानचिन्ह मिळालं. ते माशाच्या आकाराचं होतं. त्यांनी ते भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

पुढल्या पावसाळ्याचे पहिले महिने पुन्हा तसेच गेले, म्हणून सभासदांनी गाळात ज्वारी, काकडी, एकाने तर हौसेने मोगरा लावला. आणि परतीच्या पावसाने दणका दिला. बालाघाटाच्या डोंगरांवरून पाणी धावत आलं आणि तलाव सांडव्यावरून वाहू लागला.

सगळं गाव भिंतीवर जमलं. दोन वर्षं ज्या पाण्यासाठी नारायणगडाच्या देवाला नारळ बोलले होते, ते पाणी समोर होतं. सगळ्यांची तोंडं उतरलेली होती.

“काकडी गेली,” एक जण म्हणाला.

“माझा मोगरा,” दुसरा म्हणाला.

अर्जुनरावांनी तिथेच तातडीची सभा घेतली. पाणी आल्याबद्दल तीव्र खेद व्यक्त करण्यात आला. तलावात पाणी शिरल्यामुळे झालेल्या नुकसानीचा पंचनामा व्हावा, अशी मागणी करण्यात आली. आणि या अनपेक्षित संकटाला तोंड देण्यासाठी पाटणकर सरांना पुन्हा बोलवावं, असं ठरलं. जाळी नाहीत, तराफे नाहीत, मासा नाही, आणि तलाव भरलेला. मच्छीमार संस्थेवर याहून वाईट वेळ कोणती?

सटवा सभेला नव्हता. तो पाशाबरोबर बीडला गेला होता. पाशाचा थोरला भाऊ मुनव्वर याचं तिथे गॅरेज. त्याने ट्रकच्या जुन्या ट्यूबा ठिगळं लावून फुगवून दिल्या. “डूबे तो मेरे पास मत आना,” एवढीच हमी दिली. बायनाबाईने टरबुजाच्या पैशातून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशाची पिल्लं आणवली आणि पाण्याबरोबर काठाला लागलेलं कुंपणाचं जाळं सोडवून सांधायला घेतलं.

सटव्याने ट्यूबांवर फळी बांधली, पिल्लं भरलेल्या पिशव्या मांडीत घेतल्या आणि तळ्याच्या मधोमध जाऊन पाण्यात रिकाम्या केल्या. काम झालं. तरी तो परत येईना. बायनाबाईने काठावरून हाक मारली:

“आवं, मासा अजून बोटाएवढा हाय. काय करायलाव तिथं?”

“बसलोय.”

“कावून?”

“उगंच.”

ती हसली. मग पदर खोचून पुन्हा जाळ्याशी बसली.

पाटणकर सर आले. मादळवाडी बघून त्यांना इतका आनंद झाला, की ते आता इथेच शिबिरं घेतात. काठावर मांडव पडला आहे. पुण्यामुंबईचे मोठमोठे अधिकारी फी भरून येतात, ट्यूबांवर बसून तळ्यात जातात, डोळे मिटतात आणि बदलून काठाला लागतात. अर्जुनराव उद्घाटन करतात. दुपारी बायनाबाई मासे तळून वाढते.

गेल्या शिबिरात एका बाईसाहेबांनी तिला हात धरून विचारलं, “ताई, इतक्या अनिश्चित काळात तुम्ही नेमकं काय केलंत? एका वाक्यात सांगा.”

बायनाबाई म्हणाली, “आदी खाऊन घ्या. गार व्हायलंय.”

सगळ्यांनी ते लिहून घेतलं. दोघांना भरून आलं. एकाने त्याचा अर्थ असा लावला, की संधी गरम आहे तोवर साधावी. दुसऱ्याने असा, की वर्तमानात जगावं. त्यावर चर्चा इतकी रंगली, की ताटातले मासे कावळ्यांनी नेले.

आपणही, वाचकहो, इथवर आलात ते काहीतरी बोध हाती लागेल म्हणूनच. शोधा, सापडेल. फक्त आपल्या घरातून मघापासून कोणी जेवायला हाका मारत असेल, तर त्याचाही अर्थ लावत बसू नका.