नऊ थ्रेडचं स्थळ

लिफ्टमध्ये ‘आठ व्यक्ती’ असं लिहिलेलं दिसलं की आमच्या ऑफिसातले रवीभाऊ नववा माणूस शोधायला निघतात. मागे त्यांनी खालच्या पानवाल्याला आत कोंबलं. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आतली माणसं घामाघूम होऊन शिव्या घालताहेत, आणि हा गृहस्थ खूश! "बघा, कळलं ना कुठे अडकते ते?"

रवीभाऊ मूळचे अमळनेरकडचे, वाढले सुरतेत. काम सॉफ्टवेअरला जेरीस आणायचं. साडीच्या व्यापाऱ्यांच्या ऑर्डरी सांभाळणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. त्यात एकाच वेळी राबणारे हात असतात, त्यांना म्हणायचं थ्रेड. मशीनला कोअर, म्हणजे मेंदू, आठ, म्हणून आम्ही शहाणी माणसं आठ थ्रेड लावून बघतो आणि घरी जातो. रवीभाऊ जात नाहीत. "आठ जण गुण्यागोविंदानं नांदतात हो! नववा घुसला की संस्कार दिसतात." आमचे गुजराती शेठ कपाळावर हात मारतात, "अरे भाई, आठ पर चाले छे ने? बस!"

चाळिशी आली तरी भाऊंचं लग्न झालं नव्हतं. सुरतेतल्याच बमरोलीचं एक स्थळ आलं, तेव्हा बहीण म्हणून मला सोबत नेलं. मी अकोल्याची, तोंड आवरत नाही. पण गप्प बसायचं कबूल केलं होतं. कित्येक नकार पचवलेला माणूस, आणखी एक पचेल असं काही मला दिसत नव्हतं.

मुलीचे वडील खानदेशी, जन्मभर लूमवर, कापडाच्या मागावर राबलेले. त्यांनी विचारलं, "काय काम करतस तुम्ही?"

"थ्रेड किती लावायचे ते मी ठरवतो."

म्हातारा खुलला. जावई आपल्याच धंद्यातला! "कितला लावतस?"

"आधी एक. मग दोन, तीन... नऊ लावले की बोंब होते."

म्हाताऱ्यानं चहाची बशी खाली ठेवली. "एक धागावर लूम चालस का भो?"

"लूम नाही हो मामा, हे धागे दिसत नाहीत!" मी बोलून गेले.

झालं! आम्ही भिशी बुडवून पळालेले आहोत असं तो बघायला लागला. "बरं, कळवतो," म्हणाला. रवीभाऊंचा चेहरा असा उतरला की मला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. आम्ही उठलो.

मुलगी, मनीषा, पोह्यांच्या बशा घेऊन दारातच उभी होती. तिनं विचारलं, "पण आधी एकच का लावता?"

रवीभाऊ चप्पल घालता घालता थांबले. "एकट्याला किती वेळ लागतो ते आधी बघून ठेवावं लागतं. नाहीतर दुसरं कुणी आल्यावर किती हलकं झालं, ते कळणार कसं?"

"आणि एकट्याला फार वेळ लागतो?"

"हो ना," ते खाली बघत म्हणाले. "रविवार तर सरता सरत नाही."

"मग बसा ना," ती म्हणाली. "पोहे गार होताहेत."