पाठीला दोन बोटं जास्त

मुलीचा तिसरा शर्ट पाठीत उसवला, तेव्हा शिंपीकाम करणाऱ्या बापाने कापडाला दोष दिला नाही. टेप लावून तो म्हणाला, "पाठीला दोन बोटं जास्त भरतंय. पंख येतायत."

"बाबा, सोळाव्या वर्षी मुलींना पुटकुळ्या येतात."

"त्याही आल्यात. पण तुझी आई परी होती. सांगायचं राहूनच गेलं."

आई जाऊन वर्ष होत आलं होतं. त्या घरात बरंच काही सांगायचं राहून गेलं होतं.

मुलीने दुकानातल्या ट्रायल रूमच्या आरशात पाठ पाहिली. पंख होते खरे. पण झुरळाच्या रंगाचे, चुरगळलेले. जन्मात एकदा वेगळेपण वाट्याला आलं, तर त्यालाही इस्त्री लागणार होती.

तेवढ्यात भर दुपारी रस्त्यावर काळोख दाटला, दुकानातले दिवे गेले आणि आरशातून काळ्या कोटातला एक दूत बाहेर आला.

"कात्री लोखंडाची का? आम्हाला लोखंड सोसत नाही, जरा लांब ठेवा," तो बापाला म्हणाला. मग मुलीकडे वळला. "पंख फुटले की शहराखालच्या पऱ्यांच्या दरबारात यायचं. कायमचं. आधी उडून दाखव."

"आणि नाही जमलं तर?"

"तर बस इथेच, माणसांत."

बाप टेप गुंडाळत राहिला.

बापाला एकटं टाकून जायचं तिच्या मनातही नव्हतं. नुसतं उभं राहिलं असतं तरी भागलं असतं. पण समोर कोणी परीक्षा घेतोय म्हटल्यावर तिच्या अंगात आलं. दात-ओठ खात तिने पंख फडफडवले, वीतभर वर गेली, हँगरच्या दांडीवर आपटली आणि कोणाच्या तरी नव्या कोटासकट बटणांच्या खोक्यात कोसळली.

"नापास," दूत म्हणाला.

"अहो, एकदा परत घ्या ना! पहिल्यांदा होतं असं!"

पण तो आरशात शिरलासुद्धा. दिवे आले. मुलगी केसांतली बटणं काढत बसली.

"इतकी वाईट उडाले का हो?"

"तुझ्या आईचीही परीक्षा इथेच झाली होती," बाप म्हणाला. "तीही नापास."

"म्हणजे घराण्यातच आहे!"

"छे! ती सुरेख उडायची. त्या दिवशी मुद्दाम आपटली."

मुलीने केसांतलं शेवटचं बटण काढलं. मग हळूच म्हणाली, "बाबा, मी काही मुद्दाम नाही आपटले."

"ते दिसलंच," बाप म्हणाला आणि नाक पुसत बटणं वेचायला लागला.