मणेरीकरांकडे राहणारे चित्रपट

आमच्या शहरात समीक्षकाने ज्या चित्रपटाला वाईट म्हटले, तो त्याच्याच घरी राहायला येतो. परीक्षण रविवारी छापून येते आणि सोमवारी सकाळी चित्रपट दारात उभा असतो.

मी नगरपालिकेच्या निवास विभागात एकतीस वर्षे कारकून होतो. चित्रपट नीट पोहोचला का, त्याला अंथरूण मिळाले का, मध्यंतराला चहा मिळतो का, एवढे पाहून नमुना चारवर घरमालकाची सही घेणे हे माझे काम. त्यामुळे सगळ्या समीक्षकांची घरे मला आतून माहीत. बहुतेकांकडे जागाच जागा असे. एका ज्येष्ठ समीक्षकांच्या दिवाणखान्यात तर बॅडमिंटन खेळता आले असते. त्यांना न आवडलेला चित्रपट चाळीस वर्षांत निघालाच नव्हता. आणि ते सगळे त्यांना खरोखर आवडत. आवड खोटी असती तर ते स्वतःच घरी सापडले नसते. याचा खुलासा पुढे येईल.

अच्युत मणेरीकर दोन खोल्यांत राहत. एका दैनिकात ते नऊ वर्षे हंगामी समीक्षक होते. शिवाय मुहूर्त, नटांचे वाढदिवस आणि नट्यांचे मोडलेले साखरपुडे यांच्या बातम्याही तेच देत. त्यांच्याकडे सहा चित्रपट होते. हे चित्रपट रोज एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपले आपण घडून जात. पौराणिक होता तो खाटेवर बसे आणि उठताना शंख वाजे. कौटुंबिक होता तो मणेरीकरांच्या पत्नी सुनेत्राबाई काहीही बोलल्या की तीनदा मान वळवून पाही. उरलेले चार विनोदी. घरात सर्वांत उदास तेच. प्रत्येक विनोदानंतर ते हसण्यासाठी थोडी जागा सोडत, आणि ती तशीच राही.

सहाव्याच्या वेळी सुनेत्राबाईंनी सही केली आणि पेन माझ्या हातात ठेवले.

"गद्रे भाऊजी, हा शेवटचा. सातवा आला तर मी गुहागरला आईकडे."

"अगं, पण वाईटाला वाईट म्हणायचं नाही तर—" मणेरीकर म्हणाले.

"म्हणा की! मनात म्हणा. मी तुमच्याबद्दल बावीस वर्षं मनातच म्हणते आहे."

कौटुंबिक चित्रपटाने तीनदा मान वळवली.

पुढच्याच शुक्रवारी 'पाटलांची विमानसेवा' लागला. निर्माते दैनिकाच्या मालकांचे मेहुणे होते. संपादक मणेरीकरांना एवढेच म्हणाले, "कायम व्हायचंय ना? मग व्हा." मणेरीकर माझ्या टेबलाशी आले. मी नियमावली काढून कलम नऊ वाचून दाखवले: खोटी स्तुती केल्यास समीक्षकाने सदर चित्रपटात राहायला जावे.

"खोटी हे ठरवणार कोण?"

"ठरवावं लागत नाही. सोमवारी सकाळी तुम्ही घरी नसता."

"आणि खरंच आवडला तर?"

"मग काही प्रश्नच नाही."

म्हणून त्यांनी तो आवडून घ्यायचे ठरवले. शुक्रवारी तीन खेळ पाहिले, शनिवारी चार. शनिवारच्या दुपारच्या खेळाला मीही गेलो. मणेरीकर वही मांडीवर घेऊन पुढे वाकून बसले होते. पाटील विमानातून उडी मारून बैलगाडीत पडतात, तिथे त्यांनी हसायचा प्रयत्न केला. शेजारच्या माणसाने त्यांना पाणी देऊ केले.

बाहेर आल्यावर मी विचारले, "काही जमलं?"

"ती म्हातारी आवडली."

बाराव्या मिनिटाला पाटील तिकिटे नाचवत अंगणात येतात, तेव्हा मागे ओसरीवर एक म्हातारी सुपात तांदूळ निवडत असते. अकरा सेकंद. ती एकदाही वर पाहत नाही.

"सिनेमा चाललाय हे तिला कुणी सांगितलेलंच नाही, गद्रे," मणेरीकर म्हणाले. "इतकं खरं काम मी नऊ वर्षांत पाहिलं नाही."

"मग तेवढंच लिहा."

"अकरा सेकंदांवर कोण छापेल?"

"मग वाईट लिहा."

"आणि सुनेत्रा?"

यावर नियमावलीत काही नव्हते.

रविवारी परीक्षण आले. 'प्रत्येक कुटुंबाने पाहावा असा', हे शेवटचे वाक्य. संध्याकाळी मणेरीकर माझ्या घरी आले. कलम नऊमध्ये राहण्याची जागा निवडता येते. त्यांनी अर्ज स्वतः भरला. अक्षर सुरेख होते. 'बाराव्या मिनिटाला, ओसरीवर, बाईंच्या डावीकडे.'

सोमवारी ते घरी नव्हते. मंगळवारी कायम नेमणुकीचे पत्र आले. सुनेत्राबाईंनी सही करून घेतले आणि मला घेऊन त्या दुपारच्या खेळाला गेल्या. बाराव्या मिनिटाला मणेरीकर दिसले. म्हातारीशेजारी मांडी घालून, खाली मान घालून ते खडे काढत होते.

"चष्मा घरीच राहिला," सुनेत्राबाई एकदम मोठ्याने म्हणाल्या. "खडे कसे दिसणार त्यांना?"

मागून कोणीतरी "बाई, गप बसा" म्हणाले. तोवर अकरा सेकंद संपले होते.

गुरुवारी चित्रपट उतरला. सुनेत्राबाई कार्यालयात येऊन म्हणाल्या, "आता ते कुठे असतील?" मी नियमावली चाळली. उतरलेला चित्रपटही कोणाच्या तरी घरी जाऊ शकतो, पण त्यासाठी त्याला कोणीतरी वाईट म्हणावे लागते. या चित्रपटाला कोणीच म्हटले नव्हते. मालकांच्या मेहुण्यांचा होता.

"आमच्या ज्ञातीच्या मासिकात लिहिलं तर चालेल?"

"छापलेलं असलं की चालतं."

वधूवर सूचीच्या खाली पाच ओळी आल्या. सुनेत्राबाईंनी त्या मनापासून लिहिल्या होत्या. नऊ वर्षांत मणेरीकरांनीही एखाद्या चित्रपटाला इतके वाईट म्हटले नव्हते.

सोमवारी सकाळी मी नमुना चार घेऊन गेलो. 'पाटलांची विमानसेवा' न्हाणीघराच्या दाराशी बैलगाडीसकट उभा होता. दुपारी तो घडू लागला तेव्हा सुनेत्राबाई मणेरीकरांचा चष्मा पदराने पुसून जवळ जाऊन उभ्या राहिल्या. ओसरी आली. त्यांनी हात पुढे केला, "अहो" म्हणाल्या. मणेरीकरांनी वर पाहिले नाही. मग पाटील गाऊ लागले.

सुनेत्राबाईंनी चष्मा घडी करून टेबलावर ठेवला आणि सातांचा चहा टाकला. मी त्यांना विचारले, राहणाऱ्यांच्या रकान्यात त्यांच्याखेरीज सात लिहू की आठ?

"सातच लिहा, भाऊजी," त्या म्हणाल्या. "ते काय, येऊन-जाऊन असतात."